कंपमुद्रा

सोमवारी सकाळी साडेनऊला वैजयंती इंगवलेनं काडतुसांची ऑर्डर नोंदवायला घेतली, आणि पोर्टलनं तिला कळवलं की ती वैजयंती इंगवले नाही.

'ही मूठ परवानाधारकाची नाही. दोन प्रयत्न शिल्लक.'

तिनं हातातली मूठ खाली ठेवली. काळ्या रबराची, सायकलच्या हँडलच्या टोकाएवढी वस्तू. ती उजव्या हातात धरायची, हात समोर सरळ ताणायचा आणि चाळीस सेकंद तसंच उभं राहायचं. गेल्या काही वर्षांत तिनं हे पन्नासावर वेळा केलं होतं आणि एकदाही अडलं नव्हतं. खांदा अजून दुखतोय म्हणून असेल, असं तिला वाटलं. आठ महिन्यांपूर्वी स्कूटरवरून पडून तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून तिनं रायफल उचलली नव्हती. पाणी पिऊन तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग तिसरा. तिसऱ्यानंतर पडदा लाल झाला आणि खातं बंद पडलं.

वैजयंती अठ्ठावन्न वर्षांची होती. कोल्हापूरच्या पंचगंगा रायफल संघात ती एकवीस वर्षं नेमबाजी शिकवत होती, आणि स्वतःही ज्येष्ठांच्या स्पर्धांत उतरत होती. तिच्या रायफलीला लागणाऱ्या पॉइंट टू टूच्या काडतुसांचा एकेक लॉट ती तपासून घेई, कारण लॉट बदलला की पन्नास मीटरवर गोळी केसभर सरकते आणि केसभरात पदक जातं.

पूर्वी काडतुसं दुकानात जाऊन, परवाना दाखवून घ्यावी लागत. मग दुकानं कमी झाली, विक्री ऑनलाइन आली, आणि पाठोपाठ तोतये आले. कुणाच्याही चेहऱ्याची हुबेहूब बोलती चित्रफीत दोन मिनिटांत तयार होई. बोटांचे ठसे रबरावर उठवून मिळत. मेलेल्या परवानाधारकांच्या नावावर पेट्याच्या पेट्या जाऊ लागल्या, तेव्हा नक्कल करता येणार नाही अशी खूण शोधणं भाग पडलं.

ती खूण माणसाच्या हातातच होती. हात कधीही पूर्ण स्थिर नसतो. तो सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा, डोळ्याला न दिसेल इतका थरथरतो. हृदयाचा प्रत्येक ठोका त्याला बारीक धक्का देतो, स्नायूंचे धागे एकाच क्षणी ओढले जात नाहीत, आणि मेंदूचा निरोप हाताला पोचून उत्तर परत जाईपर्यंत थोडा वेळ जातो. या सगळ्याचं मिश्रण प्रत्येकाचं वेगळं असतं. ते ठरवून बदलता येत नाही, आणि दुसऱ्याचं उचलताही येत नाही. सरकारी कागदांत त्याला कंपमुद्रा म्हणत. लोक नुसतं 'मूठ' म्हणत. खोक्यावर छापलेलं असे : 'आम्ही फक्त हो किंवा नाही एवढंच कळवतो.'

नेमबाजांना या थरथरीचं नवल नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य तिच्याशी झुंजण्यात जातं. वैजयंतीला स्वतःचा आकडासुद्धा पाठ होता : सेकंदाला साडेनऊ.

दुपारी बाराला हवालदार माने एका शिपायाबरोबर दारात उभे राहिले.

"मॅडम, रायफल घरात हाय का बघून या म्हणून वरनं फोन आलाय."

"आहे की. या आत. माने, तुम्ही मला ओळखता ना?"

"आता काय विचारताय! माझ्या पोरीला तुम्हीच शिकवली न्हवं." माने अवघडून हसले. "मी ओळखतो. मशीन ओळखत न्हाई म्हणतंय."

त्यांनी रायफलचा नंबर ताडून पाहिला, कपाटाला सील लावलं आणि पावतीवर तिची सही घेतली. सही करताना अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलंय, हे तिच्या लक्षात आलं. खांदाच असेल, असं तिनं पुन्हा मनाशी म्हटलं. या वेळी मात्र ते तिला फारसं पटलं नाही.

परवाना शाखेत नलवडे नावाचे अव्वल कारकून होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आवाज हळू. त्यांनी तिचं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

"बाई, तुम्हाला रस्ते दोनच. एक, नव्यानं मूठ नोंदवायची. त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो, मूठ का बदलली त्याच्या कारणासकट. तो दाखला तुमच्या फायलीत जाणार. आणि त्या फायलीला दारं किती आहेत ते मलाही ठाऊक नाही. तुमचा संघ बघतो, विमावाले बघतात."

"आणि दुसरा?"

"वय झालं म्हणून परवाना परत करायचा. कारण विचारत नाहीत. तीस दिवसांत तुमच्या मुठीचा सगळा साठा पुसला जातो. कायदाच आहे तसा. क्लबच्या बंदुकांवर पोरांना शिकवत राहा. कुणाला कळायचंही नाही."

"काय कळायचं नाही?"

नलवड्यांनी तिच्या हाताकडं पाहिलं नाही. पाहायचं टाळलं, हे तिला समजलं. "काही नाही. पण पुसायच्या आधी तुमची नोंद तुम्ही मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. माझ्याकडं गेल्या वर्षात तिघं आले असे. तिघांनीही मागितली नाही."

तिनं तिथंच बसून अर्ज लिहिला.

नोंद यायला तीन आठवडे लागले. चार पानं, त्रेपन्न ओळी. प्रत्येक खरेदीची एक ओळ. तारीख, वेळ आणि तिच्या हाताचे आकडे. खोक्यावरचं वाक्य खोटं होतं असंही नाही. खरेदी मंजूर की नामंजूर, एवढंच पोर्टल दुकानदाराला कळवत होतं. पण माणूस बदलतो, म्हातारा होतो, जाड होतो, आणि त्याची मूठही थोडी थोडी बदलत जाते. दहा वर्षांपूर्वीच्या मुठीशी आजची ताडून पाहिली तर निम्मे परवानाधारक परके ठरतील. म्हणून यंत्र दर खरेदीला जुनी खूण किंचित सरकवून नव्याशी मिळवून घेई, आणि हे सरकवणं चुकू नये म्हणून प्रत्येक पायरी जपून ठेवी. घरातल्या माणसाला जसा रोज पाहताना आपल्यातला फरक दिसत नाही, तसा यंत्रालाही तो खटकत नव्हता. आठ महिन्यांचा खंड पडला, आणि मग मात्र तिची मूठ एकदम परकी वाटली.

पहिल्या अठरा ओळींत एकच आकडा होता. साडेनऊ, नऊ पूर्णांक सहा, पुन्हा साडेनऊ. एकोणिसाव्या ओळीत शेजारी दुसरा आकडा उगवला होता : पाच पूर्णांक दोन. अगदी क्षीण. विसाव्यात तो थोडा ठळक झाला, तिसाव्यात आणखी. शेवटच्या ओळीत साडेनऊ शोधावा लागत होता.

एकोणिसाव्या ओळीची तारीख चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमधली होती. तिनं ती तीनदा वाचली. मग कागद पालथा घालून ठेवला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्याला ज्येष्ठांची निवड स्पर्धा होती. शेवटच्या दहा गोळ्यांपर्यंत ती पहिली होती. मग दहातल्या तीन आठच्या वर्तुळात गेल्या आणि ती सातव्या क्रमांकावर घसरली. रेंजवरून उठताच, सगळ्यांसमोर, तिनं दस्तगीर शिकलगारांना धारेवर धरलं होतं. दस्तगीरभाई संघाचे शस्त्रदुरुस्तीचे कारागीर होते, बावीस वर्षं. आदल्या आठवड्यात त्यांनी तिच्या रायफलचा ट्रिगर उघडून बसवला होता. "ट्रिगर नको तितका हलका केलाय तुम्ही," ती म्हणाली होती. "माझी गोळी मी सोडायच्या आधी सुटतेय." त्यांनी शांतपणे सांगितलं होतं की वजन मोजून बसवलंय. तिनं ऐकलं नाही. कोल्हापूरला येऊन संघाला लेखी तक्रार केली. तिच्या शब्दाला वजन होतं. महिन्याभरात दस्तगीरभाईंची मान्यता काढून घेतली गेली, आणि मान्यता गेलेल्या कारागिराकडं दुसरा कोणता संघ रायफल देत नाही.

तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

डॉक्टरांकडं ती बेळगावला गेली. कोल्हापुरात, सांगलीत तिला ओळखणारं कुणी ना कुणी भेटलंच असतं. नाव विचारल्यावर तिनं माहेरचं सांगितलं. मेंदूविकाराच्या त्या डॉक्टरीणबाईंनी तिला बोटं उघडझाप करायला लावली, बोळातून चालायला लावलं, मनगट हळूच फिरवून पाहिलं. चालताना उजवा हात हलत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं तेव्हा तिला कळलं.

"कंपवाताची सुरुवात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सुरुवात म्हणजे, झाली असतील दोन-तीन वर्षं. नक्की सांगता येत नाही."

वैजयंतीनं नावाची ओळ दुमडलेली ती चार पानं टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी चष्मा वर सारून ती वाचली. परत पहिल्या पानावर गेल्या. "सेकंदाला पाचच्या आसपास... हा तोच. असं रेकॉर्ड मला आजवर एकाही पेशंटचं मिळालेलं नाही. कुणी ठेवलंय हे?"

"काडतुसं विकणाऱ्यांनी."

डॉक्टरांनी पानं परत तिच्याकडं सरकवली.

"हे मला तेव्हाच कळलं असतं तर काही फरक पडला असता?"

"आजार थांबला नसता. पण औषध, व्यायाम वेळेत सुरू झाले असते. ही चार वर्षं जरा बरी गेली असती. आणि तुम्ही स्वतःला, इतरांना उगाच दोष दिला नसता. माझे बरेच पेशंट आधी तेच करतात."

परतीच्या बसमध्ये तिनं नलवड्यांच्या दुसऱ्या रस्त्याचा विचार केला. वय झालं, परवाना परत. तीस दिवसांत चारही पानांचं मूळ पुसलं जाईल. तिला शिकवता येईल. हाताला विचारणारं कुणी नसेल, निदान वर्ष-दोन वर्षं तरी. निपाणी येईपर्यंत तिचं जवळजवळ ठरलं होतं. मग तिच्या ध्यानात आलं की मूळ गेलं की तिच्या हातातली नक्कल कुणी मानणार नाही, आणि दस्तगीरभाईंचा एकमेव पुरावाही पुसला जाणार.

दस्तगीरभाई आता मिरजेला होते. त्यांचे चुलतभाऊ सतार-तंबोऱ्यांचं काम करत. त्यांच्या कारखान्यात ते सतारींचे पितळी पडदे घासून बसवायचे. शिकलगारांच्या जुन्या पिढ्याही हत्यारं सोडून वाद्यांकडं वळल्या होत्या. ती गेली तेव्हा ते जमिनीवर बसून एका सतारीच्या दांडीवर वाकले होते. मान वर करून त्यांनी पाहिलं, कानस बाजूला ठेवली आणि एक स्टूल पुढं सरकवलं.

"बसा, ताई."

ती बसली. काय बोलायचं ते तिनं वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. तिनं पानं त्यांच्या हातात दिली आणि एकोणिसावी ओळ बोटानं दाखवली. यंत्र काय मोजतं, पाच म्हणजे काय, बेळगावची डॉक्टर काय म्हणाली, ते सांगितलं. दस्तगीरभाईंनी तारीख वाचली.

"ऑक्टोबर," ते म्हणाले. "ट्रिगर मी डिसेंबरात उघडला होता."

"हो. चूक माझ्या हातात होती. तुमच्या कामात नव्हती. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला, भाई."

त्यांनी पुन्हा एकदा तारखेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मला ठावं होतं."

"काय?"

"पुण्याला आदल्या दिवशी आपण चहा घेतला नव्हता का, रेंजच्या कँटीनमध्ये. तुमची कपबशी वाजत होती. माझ्या अब्बांना हाच रोग होता, ताई. सोळा वर्षं. तो आवाज मी झोपेत पण ओळखीन."

वैजयंतीला एकदम राग आला. तो कुणावर, हे तिला कळलं नाही. "मग बोलला का नाही? संघानं तुम्हाला समोर बसवून विचारलं होतं. एक वाक्य बोलला असता तर..."

"तर तुमची रायफल गेली असती. माझं काम गेलं, तसं तुमचं गेलं असतं. आणि माझ्याकडं हे असलं कागद कुठं होते? म्हणाले असते, आपली चूक झाकायला बाईचा हात पुढं करतोय." त्यांनी पानं नीट घडी करून तिच्या मांडीवर ठेवली. "लई मोठेपणा केला असं समजू नका. रागात होतो मी. पहिलं वर्ष तर वाटायचं, वाजू दे कपबशी, कळंल कधीतरी आपोआप. तुम्हाला एकटीला गाठून सांगायला पाहिजे होतं. ते मी केलं न्हाई."

"डॉक्टर म्हणाली, लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं."

"मग तेवढं माझ्या अंगावर राहिलं," दस्तगीरभाई म्हणाले.

आतून कुणीतरी तार जुळवत होतं. एक सूर पुन्हा पुन्हा वर चढून खाली उतरत होता.

"मी संघाला पत्र देणार आहे," ती म्हणाली. "ही पानं जोडून."

"कशाला? माझं आता हितं बरं चाललंय. परवाना परत द्या गुपचूप. मी कुणाला बोलणार न्हाई."

"ते माहीत आहे मला."

संघाचे सचिव परुळेकर सज्जन गृहस्थ होते. पत्र वाचून त्यांनी कार्यकारिणीच्या सभेआधी तिला बाजूला घेतलं. "मॅडम, हे मागं घ्या. आम्ही शिकलगारांना असंच परत बोलावून घेतो. तुमची तब्येत चारचौघांत कशाला?"

"असंच नको," ती म्हणाली. "काढताना कारण लिहून काढलं होतंत. घेतानाही कारण लिहा."

सभेत अकरा माणसं होती. तिनं उभं राहून तारखा वाचून दाखवल्या. आवाज नीट होता. कागद थरथरत होता, आणि तो तिनं लपवला नाही. ठराव एकमतानं झाला.

पुढं जे व्हायचं ते झालं. परवाना स्थगित झाला, रायफल पोलिसांत जमा झाली. ती जमा करून घेताना मानेंनी नंबर दोनदा चुकीचा लिहिला. विमा कंपनीचं पत्र आलं. दोन मुलींच्या आई-वडलांनी त्यांना दुसऱ्या प्रशिक्षकाकडं घातलं. त्यातल्या एकीनं स्वतः येऊन सांगितलं, दुसरीनं फोनही केला नाही. बाकीच्या राहिल्या. औषधानं हात बराच सावरला, आणि चालताना तो हलवायची आठवण वैजयंती स्वतःला करून देऊ लागली.

वर्तमानपत्रात बातमी आल्यावर नलवड्यांच्या शाखेत नोंद मागणाऱ्यांची रांग लागली. लोक दोन बाजूंनी भांडू लागले. काहींचं म्हणणं, यंत्राला एवढं कळत होतं तर त्यानं सांगायला हवं होतं, लपवणं हा गुन्हा आहे. काहींचं म्हणणं, काडतुसं विकत घ्यायला आलेल्या माणसाचा रोग ओळखणारं यंत्र मुळात असूच कसं शकतं. दोन्ही बाजूंचे लोक वैजयंतीकडं आले. तिनं दोघांनाही चहा दिला. कुठल्याही निवेदनावर सही केली नाही. सातव्या महिन्यात पोर्टलनं तोडगा काढला : मूठ नोंदवताना एक जादा प्रश्न.

दस्तगीरभाई कायमचे परत आले नाहीत. मिरजेचं काम त्यांनी सोडलं नाही. पण दर गुरुवारी ते एसटीनं कोल्हापूरला येऊ लागले आणि संघाच्या रायफली पाहू लागले. दुरुस्त केलेली बंदूक झाडून पाहायला काडतुसं लागतात. त्यासाठी कारागिराची मूठही नोंदवावी लागे. एका गुरुवारी दुपारी, मुली जेवायला गेल्या असताना, वैजयंतीनं संघाच्या कचेरीत त्यांच्यासमोर नवं यंत्र ठेवलं.

पडद्यावर प्रश्न आला. 'तुमच्या मुठीत आजाराची चिन्हं दिसल्यास तुम्हाला कळवावं का? हो / नाही.'

दस्तगीरभाईंनी तो ओठ हलवत वाचला. "जिल्ह्यातले लोक काय दाबायलेत?"

"नलवडे म्हणाले, दहातले सात 'नाही'."

"तुम्ही असता तर?"

तिनं विचार केला. "चार वर्षांपूर्वी 'नाही' दाबलं असतं. आज सांगता येत नाही."

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ बोट पडद्यावर अधांतरी राहिलं. मग त्यांनी 'नाही' दाबलं, मूठ उचलून हात समोर ताणला, आणि पडद्याकडं पाठ करून तिच्याकडं तोंड करून उभे राहिले.

"यंत्राला नको सांगायला," ते म्हणाले. "तुम्ही बघा. आत्ताच बघा, आणि दर गुरुवारी बघत जा. दिसलं तर तोंडावर सांगा."

वैजयंतीनं खुर्ची पुढं ओढली आणि त्यांच्या हाताकडं नीट पाहिलं.